नववीचा धडा, दहावीचा धडा

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. नववीला आनुवंशिकतेच्या धड्यात गुणसूत्रांमुळे होणारे विकार येतात: डाऊन्स सिंड्रोम, टर्नर सिंड्रोम, क्लाइनफेल्टर सिंड्रोम. दहावीला प्रजननाच्या धड्यात आयव्हीएफ, सरोगसी आणि वीर्यपेढी येते. सगळं मिळून थोडक्या ओळी. परीक्षेला आली तर एखादी टीप. त्या पानावर मुलं माना खाली घालून हसतात, मुली वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करतात, आणि बरेच शिक्षक ‘हे घरी वाचा’ म्हणून पुढचं पान उघडतात. मी तसं करत नाही. नववीच्या त्या ओळींत मी आहे आणि दहावीच्या ओळींत माझी मुलगी आहे.

आमच्या सांगली-मिरज भागात लग्नानंतर पाळणा हलला नाही की आधी सुनेला दवाखान्यात नेतात. तिची सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्या मोकळ्या आहेत का बघायला आत औषध सोडून काढलेला एक्स-रे. त्या शेवटच्या तपासणीत बाईच्या ओटीपोटात किती कळा येतात ते मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं आहे. नवऱ्याची तपासणी सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपी, सुईसुद्धा न टोचणारी; पण ती सगळ्यांत शेवटी होते आणि पुष्कळ घरांत होतच नाही. आमच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्या एका कागदावर लिहून दिल्या. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

माझ्या रिपोर्टवर आकडा नव्हता. साधारण एका मिलिलिटरमध्ये दीड कोटीच्या वर शुक्राणू असावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा एक कोटी साठ लाख आहे. माझ्या नमुन्यात एकही नव्हता. पुन्हा नमुना दिला, तो मशीनमध्ये फिरवून तळाचा साका सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तरी नाही. ‘काउंट कमी आहे’ असं म्हणणारे चार मित्र मला ठाऊक होते. ‘काउंटच नाही’ म्हणणारा कुणी भेटला नव्हता. मग हार्मोन्स आणि गुणसूत्रांची तपासणी झाली. पाकीट मी रिक्षात उघडलं. ४७, एक्सएक्सवाय, म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोम. डॉक्टरांनी समजावून सांगायच्या आत मला सगळं कळलं होतं, कारण हेच मी फळ्यावर ४४ + एक्सएक्सवाय असं लिहून कितीतरी तुकड्यांना शिकवलं होतं.

हॅरी क्लाइनफेल्टर या अमेरिकन डॉक्टरांनी १९४२ साली अशा पुरुषांचं वर्णन केलं. त्यांच्यात एक एक्स गुणसूत्र जास्त असतं, हे १९५९ साली कळलं. पाचशे ते हजार मुलग्यांमागे एकात ते असतं. म्हणजे तालुक्याच्या शाळांतून दरवर्षी असे काही मुलगे जातात. उंच असतात, जरा लाजरे असतात, दाढी उशिरा येते, आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. कळलं तर मूल होत नाही म्हणून दवाखान्यात गेल्यावर कळतं. पुस्तकातल्या ओळींवरून वाटतं की हा माणूस कुठल्यातरी लांबच्या रुग्णालयात पडलेला असेल. तो नोकरी करतो, संसार करतो, गणपतीत ढोल वाजवतो, हे पुस्तकात लिहायला जागा नाही. ते मी तोंडी सांगतो. टेस्टोस्टेरॉन कमी पडतं, हाडं ठिसूळ होऊ शकतात, साखरेकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि वेळेवर निदान झालं तर यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत, हेही सांगतो. मागच्या बाकावरचा कुणी ऐकत असेल तर त्याच्या कानावर पडावं.

अशा पुरुषांपैकी चाळीस-पन्नास टक्क्यांमध्ये वृषणाच्या आत कुठेतरी थोडे शुक्राणू सापडतात. भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीतल्या नळ्या शोधत ते काढतात. त्या शस्त्रक्रियेला मायक्रो-टीसी म्हणतात. एक शुक्राणू मिळाला तरी तो थेट अंड्यात सोडता येतो. ही इक्सीची पद्धत ब्रुसेल्सला निघाली आणि १९९२ साली जगापुढे आली. आम्ही पुण्याला जाऊन ती शस्त्रक्रिया केली. माझ्यात काही सापडलं नाही.

त्या काळाबद्दल पुरुषांनी लिहिलेलं मला फारसं कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून थोडं लिहितो. मला मर्दानगीची काळजी वाटली नाही. मला माझ्या वडिलांचा आवाज आठवत राहिला. ते भजनी मंडळात गायचे. त्यांच्या वडिलांचाही आवाज तसाच होता म्हणे, आणि माझाही बरा आहे. तो आवाज माझ्यापाशी थांबणार, याचं मला खरंखुरं दुःख झालं. गेलेल्या माणसासाठी करतात तसा मी त्याचा शोक केला. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून सांगितलं होतं. मला वाटतं, तो शोक पुरा करू देणं हेच त्या वेळी जास्त गरजेचं होतं. शोक न करता जो बाप डोनरला होकार देतो, तो पुढे मुलाच्या प्रत्येक हट्टात आणि प्रत्येक नापास विषयात परक्या माणसाला शोधत बसतो.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. दत्तक, किंवा डोनर. दत्तकाची कारा या केंद्रीय संस्थेकडची नोंदणी कशी करायची याची माहितीही मी काढली होती. बायको म्हणाली, “मला पोटात वाढवायचंय. तुम्हाला चालणार असेल तरच.” मला चालणार होतं.

आईला मी स्वतः सांगितलं. बायकोने सांगितलं असतं तर दोष कुठेतरी तिच्याच पदरात पडला असता. आई चुलीपुढे बसून शेंगा भाजत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती बराच वेळ शेंगा हलवत राहिली आणि म्हणाली, “आरं, मग भायेरचं कशाला? धाकटा हाय की घरात. घरातलं रगात घरात ऱ्हाईल.”

हे तिला सुचणं साहजिक होतं. सत्यवतीलाही हेच सुचलं होतं. विचित्रवीर्य निपुत्रिक गेला तेव्हा तिने दोन्ही सुनांसाठी आपल्याच पोटच्या व्यासांना बोलावलं, आणि त्यातून धृतराष्ट्र आणि पंडू झाले. आमच्या गावात पारायण बसतं तेव्हा ही कथा सगळा गाव ऐकतो, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण मी धाकट्या भावाला विचारणार नव्हतो. एक तर नियमात बसत नव्हतं: आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत नात्यातल्या किंवा ओळखीच्या पुरुषाचं वीर्य वापरायला मनाई होती. दुसरं म्हणजे आम्ही एका अंगणात राहतो. भावजयीला काय वाटेल, भावाला मुलीकडे बघताना काय वाटेल, वाटणीच्या वेळी कोण काय बोलेल? अनोळखी माणसाने दिलेलं दान आमच्या घरात मोकळेपणाने मावणार होतं. भावाचं मावलं नसतं. आईला हे पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा तिने एकच विचारलं, “त्यो चांगला मानूस असंल न्हवं?”

दाता चांगला माणूस आहे का, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. रक्तगट, उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग, शिक्षण एवढं असतं. रक्तगट माझ्याशी जुळवून घेतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांच्या तपासण्या होतात. नमुना गोठवून सहा महिने बाजूला ठेवतात आणि दात्याची पुन्हा तपासणी करून मगच वापरायला काढतात, कारण ताजा संसर्ग पहिल्या तपासणीत निसटू शकतो. मला या सहा महिन्यांचं फार अप्रूप वाटलं. कुणीतरी अनोळखी तरुण अर्ध्या वर्षाने पुन्हा त्याच दारात येऊन दंड पुढे करतो आणि रक्त देतो, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांचं काम पुढे सरकतं. तो परत आला नसता तर ती कुपी वापरता आली नसती.

ती कुपी मी बघितली आहे. प्रयोगशाळेतल्या मुलाने द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीचं झाकण काढलं, पांढरी वाफ कडेने खाली उतरली, आणि त्याने लांब चिमट्याने करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी, स्क्रूच्या झाकणाची प्लास्टिकची कुपी बाहेर काढली. आत उणे एकशे शहाण्णव अंश. कुपीवर बर्फाचा थर होता. त्याने अंगठ्याने तो पुसला, नंबर मोठ्याने वाचला, आणि म्हणाला, “सर, तुमच्या कागदावरचा नंबर वाचा.” मी वाचला. त्याने पुन्हा कुपीवरचा वाचला. दोघांनी सह्या केल्या. मग कुपी कोमट पाण्यात गेली. थोड्या वेळाने तो मला सूक्ष्मदर्शकाजवळ घेऊन गेला आणि म्हणाला, “बघा.” इतकी वर्षं मुलांना आकृती काढून दाखवलेली गोष्ट मी पहिल्यांदा जिवंत बघत होतो. सगळे पळत होते. पुढचं काम काही मिनिटांचं असतं, बारीक मऊ नळीतून गर्भाशयात सोडतात. मी बायकोच्या उशाशी उभा होतो. तिथे नवऱ्याने असावं असं मला वाटतं. पुष्कळ जण चहाला खाली जातात.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, तिथे येतो.

क्लिनिकमध्ये आम्हाला सांगितलं गेलं होतं, हे कुणालाही सांगू नका. आईवडिलांना नको, बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना नको, आणि मुलाला तर कधीच नको. वर असाही सल्ला मिळाला की त्या रात्री नवरा-बायकोने एकत्र यावं, म्हणजे ‘आपलंच असेल’ अशी शंकेला जागा राहते. ज्याच्या नमुन्यात एकही शुक्राणू नाही त्याने कसली शंका मनात धरून आयुष्य काढायचं? हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तोच दिला गेला आहे. दात्याच्या वीर्याने झालेल्या गर्भधारणेची डॉक्टरी इतिहासात नोंदलेली सुरुवातीची घटना १८८४ ची, अमेरिकेत फिलाडेल्फियाची आहे. दोष नवऱ्यात होता. विल्यम पॅनकोस्ट या डॉक्टरांनी बाईला भूल दिली आणि एका विद्यार्थ्याचं वीर्य वापरलं. नवऱ्याला मागाहून सांगितलं. बाईला कधीच सांगितलं नाही. तेव्हा हजर असलेल्या एका विद्यार्थ्याने १९०९ साली पत्र लिहून हे उघड केलं. तिला मूल झालं, तिने वाढवलं, आणि आपल्या देहावर काय केलं गेलं हे खोलीतल्या सगळ्या पुरुषांना माहीत होतं, एकट्या तिला नव्हतं.

मी ते वाचलं तेव्हा ही गुप्तता कुणासाठी आहे ते मला स्वच्छ दिसलं. मुलासाठी असते असं म्हणतात. मूल तर या सगळ्यात लपवण्यासारखं काहीच करत नाही. बाईसाठीही नाही, उलट ‘नवऱ्यात दोष नाही’ हे टिकवण्यासाठी तीच आयुष्यभर ‘हिच्या पिशवीला सूज होती’, ‘हिच्या गाठी काढल्या’ अशी खोटी कारणं अंगावर घेत राहते. गुप्तता असते ती बापाच्या अब्रूसाठी. माझी अब्रू एवढी महाग आहे का, की तिची किंमत म्हणून माझ्या मुलीने आपल्याच शरीराबद्दल खोटं घेऊन जगावं? मला ते मान्य नाही. कुणाला राग आला तरी हे मी लिहिणार.

जगभरात डोनरपासून जन्मलेली मुलं आता मोठी झाली आहेत आणि बोलू लागली आहेत. त्यांचं बोलणं मी मिळेल तिथे वाचतो. डोनरपासून जन्मलो याचा राग त्यांत तितका नसतो. भांडणात कुणीतरी तोंडावर फेकलं, वडील गेल्यावर कागद सापडले, गंमत म्हणून केलेल्या डीएनए चाचणीत चार अनोळखी भावंडं निघाली, राग याचा असतो. मग त्यांना मागचं सगळं बालपण तपासून बघावंसं वाटतं. ज्यांना कळतं वय यायच्या आधीपासूनच माहीत होतं, त्यांच्या लेखी ती आयुष्यातली एक गोष्ट असते, इतर गोष्टींसारखी.

म्हणून आम्ही मुलीला ती अगदी लहान असल्यापासून सांगत आलो. पाळण्यात असताना सांगितलं ते आमच्या सरावासाठी. बोलायला लागली तशी तिला समजेल एवढं. आई होण्यासाठी एक बारीक पेशी लागते, बाबा होण्यासाठी दुसरी. बाबांच्या शरीरात ती तयार होत नाही. एका काकांनी त्यांची दिली. एकदा दूध पिता पिता तिने विचारलं, “मग त्यांच्याकडे उरली का?” मी म्हटलं, भरपूर उरली, रोज कोट्यवधी तयार होतात. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती दूध संपवून खेळायला गेली. पुढचा प्रश्न कितीतरी दिवसांनी आला, तो काकांना आपलं घर माहीत आहे का, असा. नाही, म्हटलं. त्यावर ती काही बोलली नाही. या ‘नाही’ने तिला काय वाटलं ते मला ठाऊक नाही, आणि मी खोदून विचारलं नाही. असे प्रश्न येत राहणार.

तिला सूर नाही. ती पळते. शर्यतीत तिला बघून लोक विचारतात, कुणाच्या वळणावर गेली? बायकोच्या माहेरी कुणी असेल, काकांकडून आलं असेल, तिचं तिचंही असेल. मला त्याचं कौतुक वाटतं.

मुलगी झाली तेव्हा आई म्हणाली होती, “बरं झालं, पोरगी हाय, परक्याच्या घरी जायाची, वंशाचा प्रश्न न्हाई.” तिच्या जुन्या मनाने शोधलेली ती वाट होती, आणि मला ती ऐकून वाईट वाटलं. आता तीच आई नातीच्या शर्यतीला ऊन न बघता मैदानावर येऊन बसते.

पण तिच्या लग्नाचं बोलणं निघेल तेव्हा काय? आमच्याकडे देवक बघतात. देवक एक आलं तर सोयरीक होत नाही, कारण ते एका कुळातले, म्हणजे भाऊ-बहीण मानले जातात. माझं देवक तिला लागेल, आणि रक्ताच्या हिशेबाने त्याचा काही उपयोग नाही. तिची अर्धी भावंडं याच चार जिल्ह्यांत वाढत असू शकतात. तिच्या जन्माच्या वेळी या सगळ्याला कायदा नव्हता, नुसत्या मार्गदर्शक सूचना होत्या, आणि एका दात्याचं वीर्य अनेक जोडप्यांना जायचं. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ साली झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला देता येतं. दाता एकवीस ते पंचावन्न वयाचा हवा, पेढीने त्याचं नाव, पत्ता, आधार क्रमांक नोंदवायला हवा. जन्मलेलं मूल सर्व अर्थांनी त्या जोडप्याचंच, दात्याचा त्याच्यावर कुठलाही हक्क नाही. हे सगळं मला योग्य वाटतं.

मुलाच्या बाजूने मात्र तो कायदा गप्प आहे. २००५ च्या सूचनांत निदान एवढं होतं, की अठरा वर्षांचं झाल्यावर मूल नाव-पत्ता सोडून दात्याबद्दलची इतर माहिती मागू शकेल. नव्या कायद्यात नोंदी गोपनीय आहेत; वैद्यकीय निकड आली आणि जोडप्याने मागणी केली, किंवा न्यायालयाने आदेश दिला, तरच उघडतात. मागायचं जोडप्याने. मुलाने स्वतः मागण्याची सोय नाही. स्वीडनने १९८५ साली मुलाला दाता कोण हे जाणून घेण्याचा हक्क दिला. ब्रिटनने १ एप्रिल २००५ पासूनच्या दात्यांसाठी दिला, आणि त्यानंतरची पहिली मुलं २०२३ साली अठरा वर्षांची झाली. आपल्याकडे नाव उघड केलं तर दाते मिळणार नाहीत, ही अडचण मी समजू शकतो. पण दात्याच्या घरात मधुमेह आहे का, तरुणपणी हृदयविकाराने कुणी गेलं का, नंतर त्याला स्वतःला काही आजार निघाला का, हे कळायला नावाची गरज नाही. बालरोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा विचारलं होतं, वडिलांकडून कुणाला दमा? माझ्या वडिलांना होता. मी सांगितलं, मुलगी डोनरची आहे, माझ्या घरचं काही लिहू नका. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, लिहिलेलं खोडलं आणि ‘माहीत नाही’ असं लिहिलं. मी गप्प बसलो असतो तर जो दमा तिच्या वाट्याला माझ्याकडून येऊच शकत नाही, त्याच्यावर डोळा ठेवून डॉक्टर बसले असते.

हे मी नाव न घालता लिहितो आहे. घरच्यांना माहीत आहे, तिच्या डॉक्टरांना माहीत आहे. शाळेत, गावात कुणाला सांगायचं हे तिने ठरवायचं, मी नाही. तिच्या आधी मी गावभर केलं तर तेही तिच्यावर लादलेलंच होईल.

बायकोने एक फाइल केली आहे. लसीकरणाचं कार्ड, जन्मदाखला, माझा गुणसूत्रांचा रिपोर्ट, दोघांच्या सह्यांची संमतिपत्रं, आणि क्लिनिकने दिलेला दात्याच्या वर्णनाचा अर्धा कागद, त्यावर कुपीचा नंबर. नव्या कायद्याप्रमाणे नोंदी किमान दहा वर्षं जपून मग राष्ट्रीय नोंदवहीत द्यायच्या आहेत. आमची नोंद त्या आधीची. ती पेढीकडे अजून आहे का, ती पुढे कुणाकडे जाणार, दात्याने नंतर काही आजार कळवला तर आम्हाला सांगायची काही सोय आहे का, असं मी क्लिनिकला पत्राने विचारलं. फोनवर उत्तर आलं, “सर, जुनं आहे, बघावं लागेल.” बघा, म्हटलं. दुसरं पत्र लिहून तयार आहे. ते स्पीड पोस्टाने जाईल, आणि त्याची एक प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय रजिस्ट्रीला. आमच्यासारखी ज्यांची मुलं २०२२ च्या आधीची आहेत, त्यांनीही आपापल्या क्लिनिकला हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.